नोलन रायनबद्दल सारखे येणारे प्रश्न

बेसबॉलवर काहीही लिहिलं की मेसेजमध्ये फिरून फिरून तेच प्रश्न येतात आणि त्यातले निम्मे तरी नोलन रायनवर असतात. दरवेळी वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, फक्त एकसारखे होते ते एकत्र केलेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथला नंबर दिलाय.

१. हा नोलन रायन कोण आणि त्याचं एवढं काय कौतुक?

अमेरिकेतला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. जन्म ३१ जानेवारी १९४७, टेक्ससमधल्या रेफ्युजिओ गावचा, पण वाढला ह्युस्टनजवळच्या अल्विनमध्ये. १९६६ मध्ये मेजर लीगमधली (तिकडची सगळ्यात वरची लीग) पहिली मॅच खेळला आणि १९९३ मध्ये थांबला, मध्ये २७ सीझन. न्यूयॉर्क मेट्स, कॅलिफोर्निया एंजल्स, ह्युस्टन अॅस्ट्रोज आणि टेक्सस रेंजर्स अशा चार टीम. ५७१४ स्ट्राइकआउट आणि ७ नो-हिटर (दोन्हींचा अर्थ २ मध्ये) हे त्याचे दोन रेकॉर्ड आजही तसेच उभे आहेत. स्ट्राइकआउटमध्ये दुसरा नंबर रँडी जॉन्सनचा, ४८७५. म्हणजे मधलं अंतरच ८३९ चं, आणि चांगल्या चांगल्या पिचरला एवढे मिळवायला चार-पाच सीझन लागतात. लोक त्याला 'रायन एक्स्प्रेस' म्हणायचे.

२. मला फक्त क्रिकेट कळतं. स्ट्राइकआउट, वॉक, नो-हिटर हे आधी सांगा ना.

थोडक्यात सांगतो. पिचरला रनअप नाही, एक पाय पाटीला टेकवून उभ्या जागेवरून फेकायचं, आणि कोपर वाकवून फेकायला पूर्ण परवानगी आहे, त्यामुळे 'चकतो का' हा प्रश्नच येत नाही. चेंडू टप्पा न पडता थेट येतो. बॅटरच्या समोर एक काल्पनिक चौकट असते, त्यातून चेंडू गेला किंवा बॅट फिरवून हुकली तर स्ट्राइक. असे तीन झाले की बॅटर आउट, हा स्ट्राइकआउट. चेंडू चौकटीबाहेर गेला आणि बॅटरने सोडला तर तो 'बॉल', असे चार झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर (बेस म्हणजे मैदानावरचे थांबे, सगळे फिरून परत आलं की एक रन) जाऊन उभा राहतो, हा वॉक. आपल्याकडे वाइडला एक रन देऊन प्रकरण मिटतं, इथे अख्खा माणूस बेसवर येतो आणि पुढे तो रन करू शकतो.

हिट म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेसवर पोचणं, आणि इनिंग म्हणजे तीन आउट होईपर्यंतची बॅटिंगची पाळी. नो-हिटर म्हणजे पूर्ण ९ इनिंगमध्ये समोरच्या टीमला एकही हिट न देणं. वॉक दिले तरी चालतात, फील्डरची चूक झाली तरी चालते. एकही माणूस कुठल्याही कारणाने बेसवर आला नाही तर मात्र तो परफेक्ट गेम. हा फरक लक्षात ठेवा, ९ मध्ये कामाला येईल.

३. शोएब अख्तरपेक्षा फास्ट होता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. १९७४ मध्ये रडारने त्याचा चेंडू १००.९ मैल मोजला, म्हणजे ताशी साधारण १६२.४ किमी, आणि तो गिनीज बुकात गेला. शोएबचा २००३ वर्ल्ड कपमधला इंग्लंडविरुद्धचा चेंडू १६१.३ किमी. आकडे शेजारी ठेवले तर जवळपास सारखेच दिसतात. पण तुलना सरळ होत नाही, शोएब लांबून पळत यायचा आणि हात सरळ ठेवून टाकायचा, रायन जागेवरून फेकायचा आणि कोपर वापरायचा. अंतरही वेगळं, पिचरपासून प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) १८.४४ मीटर, आपली खेळपट्टी २०.१२ मीटर. शिवाय रायनचा तो चेंडू प्लेटजवळ पोचताना मोजला होता असं सांगतात, आजची यंत्रं हातातून सुटताना मोजतात, आणि वाटेत वेग कमी होतो. म्हणजे आजच्या मापाने तो आकडा अजून वर गेला असता. मला विचाराल तर दोघांनाही आपापल्या खेळातला सगळ्यात धडकी भरवणारा म्हणावं आणि वाद तिथेच सोडावा.

४. एवढा वेग होता तर ड्राफ्टमध्ये बाराव्या राउंडपर्यंत कोणी घेतलं कसं नाही?

१९६५ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू टीमनी पाळीपाळीने निवडायचे तो कार्यक्रम) तो २९५ वा होता, खरंय. हाडकुळा पोरगा, वेग भयंकर पण चेंडू कुठे जाईल त्याचा भरवसा नाही. मेट्सचा स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा, रेड मर्फ त्याच्यामागे चिकाटीने लागला होता म्हणून निदान तिथे तरी घेतला गेला. ११ सप्टेंबर १९६६ ला पहिली मॅच मिळाली तेव्हा वय १९. पुढचं १९६७ जवळजवळ वायाच गेलं, आजारपण, हाताची दुखापत आणि वर आर्मी रिझर्व्हची ड्युटी.

५. लोणच्याच्या पाण्यात बोटं बुडवायचा हे खरंय का?

खरंय! पण डोळ्यांसमोर आपलं कैरीचं तेलातलं लोणचं आणू नका, हे तिकडचं काकडीचं, मिठाच्या पाण्यातलं. मेट्समध्ये असताना चेंडूच्या शिवणीवर बोट घासून त्याला सारखे फोड यायचे. टीमचा ट्रेनर गस मॉख याने खारं पाणी सुचवलं, त्याने कातडी निबर होते म्हणून, आणि रायन त्यात बोटं बुडवून बसायचा.

६. मेट्सने असा माणूस सोडलाच कसा?

१० डिसेंबर १९७१. मेट्सला थर्ड बेसवर चांगला माणूस हवा होता म्हणून त्यांनी एंजल्सचा जिम फ्रेगोसी घेतला आणि बदल्यात रायनसकट चार खेळाडू देऊन टाकले. बेसबॉलच्या इतिहासातल्या सगळ्यात फसलेल्या सौद्यांमध्ये हा कायम मोजला जातो. फ्रेगोसी न्यूयॉर्कमध्ये चाललाच नाही आणि १९७३ मध्ये त्यालाही विकून टाकलं, तोवर इकडे रायन एका सीझनला तीनशेच्या वर स्ट्राइकआउट काढत सुटला होता.

तरी मेट्सच्या बाजूनेही एक सांगायला हवं. त्यांच्याकडे रायन २९ जिंकलेला आणि ३८ हरलेला पिचर होता, टीममध्ये टॉम सीव्हरसारखा मोठा पिचर आधीच होता, त्यामुळे रायनला नियमित मॅच मिळत नव्हत्या. लय लागत नव्हती म्हणून वॉक जास्त आणि वॉक जास्त म्हणून मॅच कमी, असं ते चक्र. एंजल्सने फक्त दर चौथ्या दिवशी चेंडू हातात दिला आणि सांभाळून घेतलं. गंमत म्हणजे हाच फ्रेगोसी १९७८ मध्ये मॅनेजर म्हणून एंजल्समध्ये परत आला, तेव्हा रायन त्याच्याच हाताखाली खेळत होता.

७. ३८३ चा रेकॉर्ड म्हणजे नक्की काय?

एका सीझनमध्ये ३८३ स्ट्राइकआउट, वर्ष १९७३. त्याआधी सँडी कूफॅक्स ह्या पिचरचे १९६५ मधले ३८२ होते. शेवटच्या मॅचला, २७ सप्टेंबरला मिनेसोटाविरुद्ध उतरताना रायनला बरोबरीसाठी १५ आणि पुढे जायला १६ हवे होते, म्हणजे एका मॅचमध्ये हे मागणं अशक्यच. आठव्या इनिंगपर्यंत १५ झाले आणि मग काही केल्या सोळावा येईना, मॅच बरोबरीत म्हणून जादा इनिंगमध्ये गेली आणि अकराव्या इनिंगमध्ये रिच रीस आउट झाला तेव्हा कुठे ३८३ पूर्ण.

आता जे फारसं कोणी सांगत नाही ते. १९७३ हे अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगचे दोन भाग, ही आणि नॅशनल लीग) डेझिग्नेटेड हिटरचं पहिलं वर्ष, म्हणजे पिचरच्या जागी दुसराच माणूस बॅटिंग करणार. कूफॅक्सला १९६५ मध्ये समोरच्या टीमचे पिचरसुद्धा आउट करायला मिळत होते, आपल्या भाषेत अकरा नंबरच्या विकेट. रायनला ती सोयच नव्हती. त्यात १९६९ पासून पिचर उभा राहतो तो उंचवटाही १५ इंचांवरून १० इंचांवर आणला होता. कूफॅक्सने फेकल्या ३३५ च्या वर इनिंग, रायनने ३२६. फरक एका स्ट्राइकआउटचा दिसतो पण मला तो त्याहून बराच मोठा वाटतो.

८. सातही नो-हिटर कधी आणि कोणाविरुद्ध?

पहिले दोन १९७३ मध्येच, १५ मे ला कॅन्सस सिटी आणि १५ जुलैला डेट्रॉइट. ह्या दुसऱ्यात १७ स्ट्राइकआउट होते आणि शेवटी शेवटी डेट्रॉइटचा नॉर्म कॅश बॅटऐवजी टेबलाचा पाय घेऊन खेळायला आला, अंपायरने परत पाठवून बॅट आणायला लावली, ती आणूनही आउट झालाच. तिसरा २८ सप्टेंबर १९७४, मिनेसोटा. चौथा १ जून १९७५, बाल्टिमोर, मॅच १-० अशी, आणि त्याने कूफॅक्सच्या चारची बरोबरी झाली. पाचवा अॅस्ट्रोजकडून २६ सप्टेंबर १९८१ ला डॉजर्सविरुद्ध. इथवर वय ३४, लोकांना वाटलं झालं आता.

मग सहावा ११ जून १९९० ला ओकलंडमध्ये, वय ४३. आणि सातवा १ मे १९९१ ला आर्लिंग्टनमध्ये टोरंटोविरुद्ध, वय ४४, १६ स्ट्राइकआउट. शेवटचा बॅटर होता रॉबर्टो अॅलोमार. त्याचे वडील सँडी अॅलोमार १९७३ च्या पहिल्या दोन्ही नो-हिटरमध्ये रायनच्याच टीममध्ये सेकंड बेसवर उभे होते! बाप फील्डिंगला आणि अठरा वर्षांनी मुलगा समोर बॅट घेऊन, ह्या एका गोष्टीवरून करिअरची लांबी कळते. त्याच दिवशी दुपारी रिकी हेंडरसनने बेस चोरण्याचा (पिचर फेकत असताना पुढच्या बेसवर पळून जाण्याचा) सर्वकालीन रेकॉर्ड मोडला होता आणि संध्याकाळी रायनने हे केलं, दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांची काय धांदल उडाली असेल.

९. सात नो-हिटर आणि परफेक्ट गेम एकही नाही? हे कसं काय?

वॉकमुळे. परफेक्ट गेमला एकही वॉक चालत नाही आणि रायनच्या प्रत्येक नो-हिटरमध्ये वॉक आहेतच, तिसऱ्यात तर तब्बल ८ दिले. सहाव्या आणि सातव्यात दोन-दोनच होते पण होते. पुढचा प्रश्न वाचा, तिथे हे जास्त उलगडेल.

१०. तो एवढा ग्रेट असूनही सगळ्यात जास्त वॉक देणारा पिचर पण तोच आहे हे खरं का?

हो, आणि मला ह्या माणसाबद्दल एकच प्रश्न ठेवा म्हटलं तर मी हा ठेवीन. करिअरमध्ये २७९५ वॉक. दुसऱ्या नंबरवर स्टीव्ह कार्लटन, १८३३. म्हणजे स्ट्राइकआउटमध्ये पहिल्या-दुसऱ्यात जेवढं अंतर आहे त्यापेक्षा वॉकमधलं अंतर मोठं. एका सीझनला दोनशेवर वॉक असं दोनदा केलं, १९७४ ला २०२ आणि १९७७ ला २०४. शिवाय त्याच्यावर बेसही खूप चोरले जायचे कारण पाय उंच उचलून फेकायची त्याची पद्धत वेळखाऊ होती.

लोक हे वेगळे करून बघतात, की स्ट्राइकआउट हा गुण आणि वॉक हा दोष. मला तसं वाटत नाही. तो बॅटरला सहज खेळता येईल असा चेंडू द्यायलाच तयार नसायचा, तीन बॉल पडलेले असले तरी पुढचाही तितक्याच जोराने कोपऱ्यावर. लागला तर आउट, नाही लागला तर वॉक. त्याच्या अख्ख्या करिअरमध्ये बॅटरांची सरासरी .२०४ (हजार वेळा खेळून २०४ हिट) राहिली आणि ९ इनिंगमागे हिट फक्त ६.५६, इतिहासात सगळ्यात कमी. म्हणजे त्याला मारणं कोणालाच जमत नव्हतं, बेसवर जायचा खात्रीचा रस्ता एकच, की उभं राहायचं आणि तो चुकायची वाट बघायची. ह्या दोन्ही गोष्टी एकाच हट्टातून आल्यात, एक काढली की दुसरी राहत नाही. वय वाढलं तसे वॉक कमी झाले, चेंजअप (फसवायला मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) हातात आला, पण स्वभाव तोच.

११. साय यंग अवॉर्ड एकदाही नाही, हा अन्याय नाही का?

साय यंग म्हणजे दरवर्षी लीगमधल्या बेस्ट पिचरला मिळणारा अवॉर्ड. अन्याय थोडा आहे, थोडा नाही. १९७३ मध्ये २१ विजय, २.८७ ईआरए (फील्डरच्या चुकांमुळे झालेले सोडून ९ इनिंगमागे किती रन दिले तो आकडा) आणि ३८३ स्ट्राइकआउट असून अवॉर्ड गेला जिम पामरला, पण पामरचे २२ विजय आणि ९ पराभव, ईआरए २.४०, आणि रायनचे पराभव १६. त्या काळी मतं देणारे विजय-पराभवच बघायचे. १९७७ मध्ये स्पार्की लायलला मिळाला, १९८१ मध्ये रायनचा ईआरए १.६९ होता पण ते वर्ष फर्नांडो व्हॅलेन्झुएलाचं.

मला खरंच खटकतं ते १९८७. वय ४०, नॅशनल लीगमध्ये सगळ्यात कमी ईआरए त्याचा (२.७६), सगळ्यात जास्त स्ट्राइकआउट त्याचेच (२७०), आणि विजय ८, पराभव १६! पिचरच्या नावावर विजय लागायला त्याच्या टीमने रन करावे लागतात आणि अॅस्ट्रोजने त्याच्या मॅचमध्ये केलेच नाहीत. पिचरला विजय-पराभवावर मोजू नये हे आज सगळे म्हणतात, ते पटवून द्यायला हे एक वर्ष पुरेसं आहे.

१२. मग तुमच्या मते सर्वकालीन बेस्ट पिचर रायनच का?

नाही. फॅन असूनही नाही म्हणतो. ३२४ विजय आहेत तसे २९२ पराभवही आहेत, ईआरए ३.१९. सलग पाच-सहा वर्षांचा उच्चांक बघायचा तर कूफॅक्स किंवा पेड्रो मार्टिनेझ वर येतात, आणि मेट्सचाच सीव्हर जास्त पूर्ण पिचर होता. पण मारायला सगळ्यात कठीण कोण आणि सगळ्यात जास्त काळ तसाच कोण राहिला, ह्या दोन प्रश्नांना मला दुसरं नाव सुचत नाही.

१३. ४६ व्या वर्षापर्यंत हात टिकला कसा? आजकाल तर विशीतच ऑपरेशनं होतात.

शरीराची देणगी मोठी, ते आधी कबूल करू. १४ जून १९७४ ला बोस्टनविरुद्ध त्याने १३ इनिंग टाकल्या, २३५ चेंडू, १९ स्ट्राइकआउट, १० वॉक. आज शंभरच्या आसपास चेंडू झाले की पिचरला बाहेर काढतात. असा ताण घेऊन दुसरा कोणी टिकलाच असता असं नाही, म्हणून 'बघा जुने लोक कसे होते' हा निष्कर्ष त्यावरून काढू नका, त्याच काळात हात गेलेले कितीतरी आहेत.

पण मेहनतही तशीच. पिचरने वजन उचलायचं नाही, स्नायू आखडतात, असं तेव्हा सगळे मानायचे. रायनने १९७२ पासून एंजल्सच्या स्टेडियममधल्या मशीनवर गपचूप व्यायाम सुरू केला. फेकण्यात पाय आणि कंबर किती लागते हे त्याला लवकर कळलं. पुढे रेंजर्समध्ये कोच टॉम हाउसने त्याला अमेरिकन फुटबॉल फेकून वॉर्मअप करायला लावलं. सातव्या नो-हिटरनंतर सगळी टीम जल्लोषात आणि हा मुलाखती देत देत सायकल मशीनवर पाय मारतोय. बेचाळिशीत रेंजर्सकडे आला आणि तिथल्या पाच वर्षांत अजून ९३९ स्ट्राइकआउट काढले, त्यातला पाच हजारावा २२ ऑगस्ट १९८९ ला, आउट झालेला पुन्हा रिकी हेंडरसनच.

१४. पैसे किती मिळायचे?

१९७९ च्या शेवटी अॅस्ट्रोजशी करार केला तेव्हा वर्षाला १० लाख डॉलर मिळवणारा तो पहिला बेसबॉलपटू ठरला. एंजल्सच्या जनरल मॅनेजरने त्याला जाऊ दिलं, कारण त्या वर्षी तो १६-१४ (१६ विजय, १४ पराभव) होता आणि साहेबांचं म्हणणं असं, की ८-७ चे दोन पिचर आणले की काम झालं.

१५. वर्ल्ड सिरीज किती जिंकला?

वर्ल्ड सिरीज म्हणजे मेजर लीगची फायनल. त्याने जिंकली एक, १९६९ ची, मेट्सकडून. तिसऱ्या मॅचमध्ये मधूनच येऊन २ इनिंग आणि एक तृतीयांश टाकली, बस. त्यानंतर २४ वर्षं खेळून वर्ल्ड सिरीजमध्ये परत एकही चेंडू टाकायला मिळाला नाही. १९८६ मध्ये अॅस्ट्रोज अगदी जवळ आले होते, लीगच्या फायनलच्या पाचव्या मॅचमध्ये त्याने मेट्सविरुद्ध ९ इनिंगमध्ये फक्त २ हिट आणि १ रन दिला, तरी टीम हरली. पुढे रेंजर्सचा प्रेसिडेंट झाला आणि २०१०, २०११ अशी लागोपाठ दोनदा टीम वर्ल्ड सिरीजला गेली, दोन्ही वेळा हरली.

१६. तो मारामारीचा व्हिडिओ काय आहे?

४ ऑगस्ट १९९३. रायनचा चेंडू शिकागो व्हाइट सॉक्सच्या रॉबिन व्हेंच्युराला लागला, व्हेंच्युरा २६ वर्षांचा, तो धावून आला. ४६ वर्षांच्या रायनने त्याची मान काखेत धरली आणि वरून ठोसे दिले. व्हेंच्युराला बाहेर काढलं, रायन मॅच खेळत राहिला. लोक मला हे फार कौतुकाने पाठवतात, पण २७ वर्षांच्या करिअरमधून एवढंच बघितलं जावं ह्याचं वाईट वाटतं.

१७. शेवट कसा झाला?

सीझनअखेर थांबणार हे त्याने आधीच जाहीर केलं होतं, पण तेवढंही झालं नाही. २२ सप्टेंबर १९९३, सिअॅटल. पहिलीच इनिंग, एकही आउट नाही, एक हिट, मग वॉकवर वॉक, मग डॅन हॉविटने बेस भरलेले असताना होमरन (आपला सिक्सर, बेसवरचे सगळे रन करतात) मारला. पुढच्या बॅटरला टाकताना कोपरातलं लिगामेंट तुटलं. त्यानंतरही त्याने एक चेंडू टाकून बघितला आणि तो ९८ मैलांचा होता असं सांगतात. मग स्वतःच चालत बाहेर गेला.

१८. भारताशी काही संबंध?

थेट नाही पण एक धागा आहे. २००८ मध्ये भारतातल्या एका टीव्ही स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी दोन मुलं निवडली गेली आणि पिचर व्हायला अमेरिकेत गेली. त्यांना शिकवलं कोणी, तर टॉम हाउसने, म्हणजे १३ मधला तोच रायनचा कोच. दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारही दिला. दोघं खालच्या लीगमध्ये खेळले, मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. पण ज्यांनी आधी बेसबॉल हातात धरला नव्हता त्यांनी वर्षभरात करार मिळवला, हे मला अजूनही अचाट वाटतं.

१९. हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या पाटीवर कुठल्या टीमची टोपी आहे? एंजल्सची ना?

रेंजर्सची. (हॉल ऑफ फेम म्हणजे दिग्गज खेळाडूंचं सन्मान-दालन.) बहुतेक जण इथे चुकतात, कारण एंजल्सकडून त्याचे २४१६ स्ट्राइकआउट आणि चार नो-हिटर आहेत, तर रेंजर्सकडे पाचच वर्षं. १९९९ मध्ये ४९७ पैकी ४९१ मतं घेऊन गेला. त्याचा नंबर मात्र तीन टीमनी कायमचा बाजूला ठेवलाय, एंजल्सने ३०, अॅस्ट्रोज आणि रेंजर्सने ३४. ज्या मेट्सकडून त्याने एकमेव वर्ल्ड सिरीज जिंकली ते ह्या यादीत नाहीत.